पिस्तूल हाताला बसवताना: कोल्हापुरातल्या एका २५ मीटर नेमबाजाचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका एकोणीस वर्षांच्या नेमबाज मुलीचं आहे. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये चांगली चालणारी ही मुलगी २५ मीटर पिस्तूलकडे वळली आणि जवळजवळ एक अख्खा हंगाम साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणांचे, स्क्रू फिरवण्यात गेला. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. रेंजचं, क्लबचं, माणसांचं नाव दिलेलं नाही. मी त्या काळात त्याच रेंजवर प्रशिक्षकांच्या हाताखाली नव्या मुलांकडे बघत होतो, त्यामुळे बहुतेक गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या. हे लिहिण्यामागे एकच हेतू आहे: पिस्तूल 'सेट' करताना कुठल्या गोष्टीला आधी हात घालायचा, याचा क्रम चुकला की चांगली मुलंही स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवून बसतात. तसं होऊ नये.

पार्श्वभूमी

कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. पण पिस्तूल धरणाऱ्या मुलींना सगळ्यात जवळचं नाव राही सरनोबत यांचं वाटतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यामुळे एअर पिस्तूलवर जरा हात बसला की मुलींचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, पंचवीस मीटर कधी?"

या प्रकारात दोन टप्पे असतात. प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांच्या सहा सिरीज, प्रत्येक सिरीजला ५ मिनिटं. रॅपिडमध्येही तीसच गोळ्या, पण एका गोळीला ३ सेकंद. हात ४५ अंशांत खाली धरायचा, टार्गेट दिसलं की वर आणायचा, एक गोळी मारायची, पुन्हा खाली. मध्ये ७ सेकंद. पिस्तूल एका हातात, दुसरा हात खिशात किंवा कमरेला. टार्गेटही वेगवेगळी. प्रिसिजनचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आणि काळा भाग २०० मिलिमीटरचा. रॅपिडचं दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आणि काळा भाग तब्बल ५०० मिलिमीटरचा.

मुलगी ज्या पिस्तुलावर सराव करायची ते .२२ लाँग रायफलचं युरोपीय बनावटीचं पिस्तूल क्लबचं होतं आणि त्यावर तिघांचा सराव चालायचा: ती, एक कॉलेजचा मुलगा आणि बँकेत नोकरी करणारे एक मध्यमवयीन गृहस्थ. तिघांचे हात वेगळे, डोळे वेगळे. पिस्तूल रेंजच्या आर्मरीतच, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतच, राहायचं. घरी तिचा सराव एअर पिस्तूलवर आणि डंबेलवर.

अडचण

प्रिसिजनला तिचे गुण ३०० पैकी २८५ च्या आसपास असायचे. पहिल्याच हंगामाला हे छान आहे. रॅपिडला मात्र ती २६०-२६५ च्या वर जाईना. आणि गोळ्या वाटेल तिथे जात नव्हत्या. बहुतेक सगळ्या डावीकडे खाली, घड्याळाच्या सात-आठच्या दिशेला, आठ आणि सातच्या वर्तुळात.

अशा वेळी हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. गोळी डावीकडे खाली जातेय ना, मग साइट उजवीकडे आणि वर न्या. तिने तेच केलं. स्क्रू दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, फिरवला, मग आणखी दोन. एखाद्या दिवशी मन शांत असलं की गोळ्या उजवीकडे वर जायच्या, मग पुन्हा उलटे क्लिक. त्यात बाकीचे दोघेही आपापले क्लिक फिरवत होते. सकाळी पिस्तूल हातात आलं की मूळ झिरो, म्हणजे गोळी हवी तिथे लागेल अशी साइटची जागा, कुठे होता हे कुणालाच सांगता यायचं नाही.

वडिलांचं शिरोलीच्या एमआयडीसीत मशिनिंगचं छोटं वर्कशॉप. लेकीसाठी जीव टाकणारा माणूस. रात्री बसून त्यांनी प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ पालथे घातले आणि एक दिवस रेंजवर यादीच घेऊन आले: ट्रिगर हलका करायचा, साइटच्या जागी लाल ठिपक्याचं रेड डॉट बसवायचं, नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर लावायचा, आणि मूठ जितकी आवळता येईल तितकी आवळायची. यादी तयार करण्यात कष्ट होते, प्रेम होतं. पण ती दुसऱ्या खेळाची होती.

कुठला सल्ला कुठल्या खेळाचा

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण आज इंटरनेटवर पिस्तूल सेट करण्याबद्दल जे काही मिळतं त्यातलं बरंचसं प्रॅक्टिकल शूटिंगचं असतं आणि आपली मुलं तेच बघतात.

प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया, मिझुरी इथे स्थापन झाली. त्या खेळात नेमबाज होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, पळतो, आडोशामागून मारतो, मॅगझिन बदलतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो हिट फॅक्टर. म्हणजे अचूकता आणि वेग एकाच तराजूत. पिस्तुलांचे विभागही ठरलेले. ओपन विभागात रेड डॉट आणि कॉम्पेन्सेटर चालतात. प्रॉडक्शन विभागात कारखान्यातून आलेल्या पिस्तुलात फार बदल करता येत नाहीत आणि ट्रिगरचं किमान वजनही, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, ठरवून दिलेलं आहे: पहिली गोळी २.२७ किलो, किंवा सगळ्या गोळ्यांना १.३६ किलो. दारूगोळ्यालाही ताकदीची अट असते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार. हा आकडा मायनर गटाला किमान १२५ लागतो. म्हणून तिथे ९ मिलिमीटरची चलती. आपल्याकडे ९ मिलिमीटर हे निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही.

२५ मीटर पिस्तूलची चौकट पूर्ण निराळी. साइट उघडीच हवी, रेड डॉट चालत नाही. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, दोन्ही साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.

वडिलांना हे आकडे दाखवल्यावर एक गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली. ज्या खेळाचे व्हिडिओ बघून ते 'हलका ट्रिगर, हलका ट्रिगर' म्हणत होते, तिथल्या प्रॉडक्शन विभागाचा ट्रिगर त्यांच्या लेकीच्या ट्रिगरपेक्षा जड होता. हलकं करायला मुळात जागाच नव्हती.

'मूठ आवळा' हा सल्ला सगळ्यात महागात पडला होता. प्रॅक्टिकलमध्ये पिस्तूल दोन्ही हातांत असतं. जोर बऱ्याच अंशी आधाराचा हात देतो, त्यामुळे ट्रिगरचं बोट मोकळं राहतं. एका हाताने मारताना तेवढाच जोर लावला की ट्रिगरच्या बोटाबरोबर बाकीची तीन बोटंही मिटतात. उजव्या हाताने मारणाऱ्याची नळी अशा वेळी डावीकडे खाली झुकते. तिच्या गोळ्या नेमक्या तिथेच जात होत्या.

निदान

प्रशिक्षकांनी आधी पिस्तूल तपासलं. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, दोन्ही हातांनी धरून, स्वतः दहा गोळ्या मारल्या. सगळ्या प्रिसिजनच्या दहाच्या वर्तुळाच्या निम्म्या जागेत. पिस्तूल ठीक, गोळ्या ठीक.

मग डमी, म्हणजे बिनदारूच्या, काडतुसांची चाचणी. पाच गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये मध्येच एखादं डमी घालायचं. मॅगझिन प्रशिक्षक भरणार, डमी कितव्या नंबरला आहे हे मुलीला माहीत नसणार. रॅपिडच्या वेळेत हात वर आणला, ट्रिगर दाबला, आणि डमी आलं की धक्का नसतो. नळीने काय केलं ते उघडं पडतं. मोबाइलवर संथ गतीत घेतलेल्या त्या चित्रीकरणात सगळं दिसत होतं: हात वर आला, साइट काळ्यावर स्थिरावली, आणि ट्रिगर सुटायच्या क्षणी करंगळीपासून तीनही बोटांची पेरं पांढरी पडली. फ्रंट साइट डावीकडे खाली टुक्कन वाकली.

मुलीने ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं. "सर, म्हणजे साइटचं काहीच नव्हतं?"

"साइटचंही आहे," प्रशिक्षक म्हणाले. "तीन माणसांनी फिरवलेली साइट आहे ती. पण आधी हात."

त्यांनी मग तिचं बोट बघितलं. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप मोठ्या हाताची होती. तिचा तळवा त्यात भरत नव्हता, पाम शेल्फ (तळव्याच्या कडेखालचा आधार) मनगटापासून खाली लोंबत राहायचं, आणि ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोहोचायचं. पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सपाट बसायला हवा आणि बोट ग्रिपच्या लाकडाला कुठेही टेकता कामा नये. तिचं बोट लाकडाला घासत होतं. ढिली ग्रिप सावरायला ती मूठ आवळत होती, आणि आवळलेल्या मुठीतून ट्रिगर सरळ मागे येत नव्हता. व्हिडिओतल्या सल्ल्याने त्यात भर घातली एवढंच.

प्रिसिजनला हे का दिसलं नाही, असं कुणीही विचारेल. तिथे एका गोळीला वेळ असतो. हात स्थिरावला नाही तर पिस्तूल खाली घेता येतं. तीन सेकंदांत तशी सोय नाही.

पर्याय

राज्य स्पर्धा साधारण दीड महिन्यावर होती. चार वाटा समोर होत्या.

पहिली, काहीही न बदलता फक्त सरावावर भर द्यायचा आणि स्पर्धा झाल्यावर ग्रिप बघायची. बँकेतल्या गृहस्थांचं मत हेच होतं, आणि ते मुळीच चुकीचं नव्हतं. स्पर्धेच्या तोंडावर ग्रिप बदलली की हाताची सगळी ओळख पुसली जाते.

दुसरी, तिच्या मापाची लहान ग्रिप परदेशातून मागवायची. किंमत, कस्टम आणि वेळ, तिन्ही नडत होते.

तिसरी वाट वडिलांनी सुचवली. उद्यमनगरात त्यांच्या ओळखीचा एक कसबी कारागीर होता. "ट्रिगरचा सिअर दोन हात कानशीने घासला की लोण्यासारखा होतो, तासाचं काम." सिअर म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणारा आतला तुकडा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काहीही बनतं, दुरुस्त होतं, यावर आम्हा सगळ्यांचाच विश्वास आहे. पण इथे प्रशिक्षकांनी स्पष्ट नकार दिला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, बदल किंवा चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. कारागिराचं कौशल्य कितीही असो, परवाना नसेल तर त्याच्या हातात पिस्तूल द्यायचंच नाही. ते रेंजच्या बाहेर नेण्याचाही प्रश्न नव्हता. शिवाय घासलेला सिअर पुन्हा भरून येत नाही. झिजत गेला तर ट्रिगर हजार ग्रॅमच्या खाली येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या दिवशी बोट न लावताही गोळी सुटू शकते. कंपनीने समायोजनासाठी दिलेले स्क्रू फिरवणं वेगळं, आतल्या पोलादाला कानस लावणं वेगळं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता. वडिलांनी तो राग न धरता मान्य केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

चौथी वाट आर्मरीच्या कपाटातून निघाली. त्याच मॉडेलची एक जुनी लाकडी ग्रिप तिथे पडून होती, खालच्या बाजूला तडा गेलेली. ती कापली, भरली, बिघडली तरी कुणाचं नुकसान नाही. बाकीच्या दोघांची ग्रिप जशीच्या तशी राहील. एका स्क्रूवर ग्रिप बदलते, दोन मिनिटांचं काम.

चर्चा बराच वेळ चालली. शेवटी ठरलं ते असं: जुनी ग्रिप तिच्या हाताला बसवायची, स्पर्धेच्या दोन आठवडे आधीचा एक रविवार शेवटची तारीख धरायची, आणि त्या दिवशी दोन्ही ग्रिपवर पूर्ण रॅपिड मारून कुठली न्यायची ते ठरवायचं. मागे फिरायला जागा ठेवून केलेला हा बदल होता, म्हणूनच बँकेतले गृहस्थही तयार झाले.

ग्रिप

लाकडाचं काम वडिलांच्या परिचयातल्या एका पॅटर्न मेकर काकांनी केलं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करून देणारी ही माणसं अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटाने ओळखतात. त्यांच्याकडे फक्त लाकडाची ग्रिप गेली. पिस्तुलावर चढवून बघायचं ते रेंजवर, शस्त्रं सांभाळणाऱ्या आर्मररसमोर.

काकांनी आधी तिचा हात बघितला, मग ग्रिप. "पोरी, तू मूठ धरत न्हाईस, मूठच तुला धराय लागलीया." त्यांनी तिच्या तळव्याला गेरू लावला, ग्रिप धरायला सांगितली आणि सोडायला लावली. लाकडावर जिथे गेरू उमटला तिथे हात टेकतो, जिथे लाकूड कोरं तिथे पोकळी. तळव्याच्या मध्यभागी आणि करंगळीखाली मोठी कोरी जागा होती. अंगठ्याच्या बुडाशी मात्र गेरूचा जाड थर, म्हणजे सगळा दाब तिथेच.

पोकळी एमसीलने भरली. ते ओलं असतानाच हातावर पातळ प्लास्टिक चढवून तिने ग्रिप नेहमीसारखी धरली आणि ठसा उमटवला. वाळल्यावर अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर. पुन्हा गेरू, पुन्हा कानस. ट्रिगरच्या बोटाखालचं लाकूड आत घेतलं, म्हणजे बोट मोकळं फिरेल. पाम शेल्फ वर सरकवलं.

इथे नियमांची वही उघडी ठेवावी लागली. पाम शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, त्याला वरच्या दिशेने बाक नको, ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये, आणि अंगठा वर उचलायला मोकळा हवा. काकांनी अंगठ्याखाली सुंदर टेकू उभा केला होता. हात त्यात असा बसायचा की सोडवत नव्हता. पण पिस्तूल मापाच्या पेटीत जाईना. ही पेटीही काकांनीच प्लायवूडची करून दिली होती, आतून बरोबर ३००, १५०, ५०. पन्नासच्या मापात ग्रिप अडकत होती, दोन-तीन मिलिमीटरने.

कमी कुठे करायचं? तळव्याचा फुगवटा की अंगठ्याचा टेकू? मुलीला टेकू आवडला होता, तिचा जीव त्यात अडकला होता. प्रशिक्षकांनी टेकू कमी करायला सांगितलं. तळव्याचा फुगवटा ग्रिप हातात भरीव ठेवतो, त्यानेच मूठ सैल सोडता येते. अंगठ्याचा टेकू सुखाचा असतो, पण अंगठा दाबायला शिकवतो, आणि अंगठा दाबला की नळी पुन्हा बाजूला जाते. काका म्हणाले, "लाकूड हाय, ऐकतंय. लोखंड असतं तर इचार केला असता." टेकू घासला, पेटीचं झाकण बसलं.

साइट

ग्रिप बसेपर्यंत साइटला कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. ग्रिपचा कोन बदलला की मनगटाचा कोन बदलतो आणि गोळी लागण्याची जागाही. आधी झिरो करून ठेवला असता तर सगळं वाया गेलं असतं.

प्रिसिजनला ती काळ्या भागाच्या खाली, पांढऱ्यात निशाणा धरायची. काळ्याची त्रिज्याच १०० मिलिमीटर, त्यात खालची पांढरी फट, म्हणजे गोळी निशाण्याच्या जागेपेक्षा १२-१३ सेंटिमीटर वर लागायला हवी. रॅपिडच्या टार्गेटवर मात्र काळा भाग एवढा मोठा की त्याखाली धरून उपयोग नाही. तिथे थेट मध्यावर धरायचं, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या आडव्या रेषांच्या आधाराने. दोन टप्प्यांना दोन झिरो. या पिस्तुलाचा एक क्लिक २५ मीटरवर साधारण एक सेंटिमीटरचा निघाला, म्हणजे प्रिसिजन संपल्यावर बारा-तेरा क्लिक खाली. याआधी ती हे अंदाजाने करायची.

त्याच दिवशी आर्मरीत एक वही लटकवली गेली. तिघांची तीन पानं: वर-खाली किती, डावी-उजवीकडे किती, ट्रिगरचं पातं (बोट टेकायची पट्टी) कुठल्या खुणेवर. पिस्तूल घेताना आपले आकडे लावायचे, ठेवताना शून्यावर आणायचे. कॉलेजच्या मुलाचा गेल्या कित्येक दिवसांचा वैताग या वहीनेच संपला, आणि त्याला तर कुणी काही विचारलंही नव्हतं.

रिअर साइटची खाच रॅपिडसाठी थोडी रुंद केली. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंनी उजेडाची रेघ जाड दिसली की तीन सेकंदांत डोळा लवकर समाधानी होतो. पावसाळ्याचे दिवस होते, रेंजवर दुपारीच अंधारून यायचं, तेव्हा याचा फायदा चांगलाच जाणवला.

ट्रिगर

ट्रिगर शेवटी. पण हात लावायच्या आधी वजन करून बघितलं तर धक्काच बसला. नळी सरळ आकाशाकडे, ट्रिगरच्या मधोमध हजार ग्रॅमचं वजन, आणि पिस्तूल हळू उचलायचं. कधी वजन उचललं जायचं, कधी ट्रिगर सुटायचा. अगदी काठावर. तिघांपैकी कुणीतरी कधीतरी स्प्रिंगचा स्क्रू फिरवला असणार, त्यात आत जुनं घट्ट झालेलं तेल. स्पर्धेनंतरच्या अचानक तपासणीत हे सापडलं असतं तर थेट अपात्र. ज्या मुलीसाठी वडिलांना ट्रिगर हलका करून हवा होता तिचा ट्रिगर आधीच नियमाच्या काठावर होता.

आर्मररने साफसफाई केली आणि कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे दिलेल्या स्क्रूंनीच वजन १०४० ग्रॅमच्या आसपास आणलं. पण हा ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, त्यातली विभागणी बदलली: दाबाच्या पहिल्या टप्प्याला सुमारे ७५०, उरलेलं दुसऱ्या टप्प्याला. हात वर येतानाच पहिला टप्पा घ्यायचा, साइट काळ्यावर पोहोचेपर्यंत बोटात थोडंसंच काम उरतं. ट्रिगर एकूण जड झाला होता, तरी तिला तो हलका वाटला.

एक अडथळा इथे आला. ग्रिपच्या टेकूवर शेवटचा हात फिरला त्याच संध्याकाळी तिने ट्रिगरचं पातंही मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या उजवीकडे जायला लागल्या. टेकूमुळे की पात्यामुळे, कळेना. पातं जुन्या खुणेवर नेऊन पुन्हा सुरुवात करावी लागली आणि हातातले मोजके दिवस त्यात गेले. निघालं पात्यामुळेच: बोट आता जास्त आत जात होतं आणि ट्रिगर ओढताना पिस्तुलाला उजवीकडे ढकलत होतं.

निकाल

ठरलेल्या रविवारी दोन्ही ग्रिपवर रॅपिड मारलं. नव्या ग्रिपवर गुण थोडेच जास्त होते, पण डावीकडे खाली जाणाऱ्या गोळ्या जवळपास थांबल्या होत्या. जी गोळी चुकत होती ती चारही दिशांना चुकत होती. प्रशिक्षकांना तेच बघायचं होतं. नवी ग्रिप न्यायचं ठरलं.

राज्य स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, पेटी आणि वजन दोन्ही पहिल्याच फटक्यात पास. प्रिसिजनला २८३, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित कमी. नव्या कोनाला हात अजून पूर्ण सरावला नव्हता. रॅपिडला २७७. पहिल्या सिरीजमध्ये एक सात गेला, डावीकडे खाली, जुन्या जागी. दडपणात जुनी मूठ परत आली होती. पुढच्या गोळीला तिने हात खाली असतानाच तीन बोटं मुद्दाम सैल केली, आणि त्यानंतर तशी गोळी गेली नाही. एकूण ५६०. पदक नाही, पण तिच्या आधीच्या सर्वोत्तम गुणांपेक्षा बरेच जास्त.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

एअरवरून २५ मीटरकडे येणाऱ्या मुलीचा हात पहिल्याच दिवशी मोजायला हवा. गेरूची चाचणी अर्ध्या तासात होते आणि तिला खर्च काहीच नाही. इथे ती अख्खा हंगाम उशिरा झाली.

सामायिक पिस्तुलाला वही हवीच, आणि हजार ग्रॅमचं वजन आर्मरीत कायम टांगलेलं हवं. महिन्यातून एकदा नाही, दर आठवड्याला तपासायचं, आणि प्रवासानंतर तर नक्कीच.

डमीची चाचणी साइटला हात लावायच्या आधी. गोळ्यांचा घोळका घट्ट आणि एका बाजूला असेल, आणि प्रिसिजन-रॅपिड दोन्हींत त्याच बाजूला असेल, तरच क्लिक. एका टप्प्यात मध्यावर आणि दुसऱ्यात कोपऱ्यात जात असेल तर हाताकडे बघायचं.

दीड महिना कमी पडला, हे प्रिसिजनच्या गुणांवरून दिसतं. ग्रिपसारखा बदल हंगाम संपल्या संपल्या सुरू झाला असता तर ते दोन-चार गुणही गेले नसते. बँकेतल्या गृहस्थांचं म्हणणं या अर्थाने बरोबर होतं, आणि त्यांच्यामुळेच शेवटची तारीख ठरली हेही नोंदवायला हवं.

आई-वडिलांना नियमपुस्तिका आधी दाखवावी. या वडिलांना आकडे समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. ते आकडे त्यांना पहिल्या महिन्यात मिळाले असते तर व्हिडिओंच्या रात्री वाचल्या असत्या, आणि 'मूठ आवळ' हे वाक्य मुलीच्या कानावर कदाचित पडलंच नसतं.

लाकडाबद्दल एक काम बाकी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, फुगतं. एमसील फुगत नाही. त्या ग्रिपवर दोन्हींच्या सांध्यात नखाला लागेल अशी बारीक कड आली आहे आणि पन्नासच्या मापात आता ती जेमतेम बसते. उघड्या लाकडावर तेलाचा हात देऊन आणि सांधा पुन्हा घासून, पेटीत घालून बघितल्याशिवाय ती पुढच्या स्पर्धेला न्यायची नाही, असं वहीत तिच्या पानावर लिहून ठेवलं आहे.